तेल खाली उतरेपर्यंत

सिग्नलला गाडी थांबली की मागचे लोक भराभर काचा वर करतात, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण त्या सकाळी इस्पितळाच्या फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला. गाडी आत आणू नका, धूर थेट वॉर्डाच्या खिडक्यांत शिरतो, असं सांगताना तो बिचारा स्वतःच अवघडला होता. गाडी रस्त्याकडेला लावून ती चालत धुलाई विभागात गेली. भांडायलाही अंगात जोर लागतो.

इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे धुऊन-वाळवून वेळेवर वर पाठवायचे, हे तिचं काम. नवरा शीतगृहात रात्रपाळीला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून दोघांनी पाळ्या मुद्दाम अशा उलटसुलट मागून घेतल्या होत्या. तो सकाळी आला की ती निघायची. गाडीची किल्ली दारातच या हातातून त्या हातात जायची. "आईंनी गोळी घेतली," "दूध तापवलंय," एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

गाडी डिझेलची, चांगली जुनी. सासूबाई म्हणायच्या, "घरात म्हाताऱ्या दोन, मी आणि ही गाडी, पण खरा दवाखाना तिचाच." आणि ते खोटंही नव्हतं. एका गॅरेजवाल्याने इंजिन पुरतं गेलंय, उतरवावंच लागेल, असं सांगून टाकलं होतं. आठवड्याच्या सुट्टीला ती दुसरं मत घ्यायला पुलाजवळच्या मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री कमी बोलणारा. त्याने तिला गाडी चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून मागे उभा राहिला. मध्येच वाकून त्याने धुराचा वास घेतला, तेव्हा तिला वॉर्डातले थुंकी तपासणारे डॉक्टर आठवले.

"काळा धूर असता तर बरं होतं, ताई," तो म्हणाला. "काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. फिल्टर बदलला की बहुतेक वेळा भागतं. पांढरा असता तर म्हटलं असतं पाणी शिरतंय, नाहीतर डिझेल कच्चंच बाहेर पडतंय. हा निळा आहे. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय."

ते ऑइल नको तिथे शिरतंय कुठून, हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. ती टायरांच्या ढिगाशेजारी लाकडी बाकावर बसून राहिली. घरी जाऊन यावं तर पुन्हा यायचा कंटाळा. मिस्त्रीला पहिला संशय पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांचा. त्याने हीटर प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला, तर चारही जवळपास सारखे आणि धडधाकट. मग त्याने इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा पाईप काढला. पाईप आतून तेलाने माखलेला होता. सापडला चोर, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, पण टर्बोचा पंखा बोटाने हलवून बघितला तर तो जराही डगमगत नव्हता. मिस्त्री हात पुसत तिच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ दोघंही त्या उघड्या बॉनेटकडे बघत राहिली. त्यालाही थकवा आला होता, आणि त्याने तो लपवला नाही.

मग तो उठला आणि त्याने ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बाहेर ओढली. पुसून परत घातली, परत ओढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

"आजार म्हशीला आणि औषध पखालीला," तो स्वतःवरच चरफडला. जळतंय म्हणजे तेल कमीच असणार, असं तो सकाळपासून धरून चालला होता. जे सगळ्यात आधी बघायचं, ते सगळ्यात शेवटी बघितलं. आता गाडी तासन्‌तास थंड उभी होती, म्हणून खरी पातळी दिसली. "यात तेल कोण घालतं?"

"मीच. थोडंसं. आठवड्यातून एकदा."

"थोड्याशाने एवढं होत नाही, ताई."

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याची झोपमोड होणार म्हणून मन कचरत होतं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"अहो, गाडीत तेल तुम्ही घालता?"

"घालतो ना. घरी आलो की बघतो आणि जरा घालतो. तू पहाटे कुठे ते झाकण उघडत बसणार." मग थांबून त्याने विचारलं, "का?"

"मीही घालते. म्हटलं, रात्रभर बर्फात राबून येता, त्यात आणखी हे कशाला."

फोनमधून सासूबाईंचं खोकणं ऐकू येत होतं.

मिस्त्रीने मग नीट समजावलं. इंजिन बंद केल्या केल्या बघितलं तर अर्धं तेल वरच अडकलेलं असतं, पट्टीवर कमीच दिसतं. दोघंही पोचल्या पोचल्या, घाईघाईत बघत होती आणि कमी आहे म्हणून ओतत होती. जास्तीचं तेल इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून टर्बोच्या पाईपात, तिथून इंजिनात. धूर वाढला की दोघांना वाटायचं, तेल संपतंय, म्हणून आणखी. "एखाद्या दिवशी इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुटलं असतं," तो म्हणाला. "मग किल्ली काढली तरी थांबत नाही." पहाटेच्या अंधारात तशी पिसाळलेली गाडी आणि आत पेंगुळलेला आपला माणूस, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती बाकाची कड धरून बसली.

त्याने जादा तेल काढलं, पाईप पुसले. आत राहिलेलं जळेपर्यंत थोडे दिवस धूर दिसेल, घाबरून पुन्हा ओतू नका, असं बजावलं. तेल बघायचं तर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबून, हेही दोनदा सांगितलं.

ती घरी आली तर नवरा खालीच उभा होता. केस विस्कटलेले, डोळे लाल. आई खिडकीशी बसली आहे, हाक आली तर ऐकू येईल, असं म्हणत तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. तिने इंजिन बंद केलं.

"बघायचं?" त्याने विचारलं.

"आत्ता नाही. थांबायला सांगितलंय."

म्हणून ती दोघं थांबली. किती दिवसांनी अशी शेजारी शेजारी बसली होती, ते तिला आठवेना. काहीतरी बोलावं असं मनात होतं. आईंच्या तपासणीचं, पाळी बदलून मिळेल का याचं, नुसतंच कसं चाललंय याचं. पण शब्द जुळवेपर्यंत त्याची मान कलली. तोंड किंचित उघडं ठेवून तो झोपून गेला होता. त्याच्या हाताची बोटं थंडीने फुटलेली होती, आणि हे तिने आजच बघितलं. पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली, तरी तिने त्याला उठवलं नाही. खिडकीतून सासूबाईंनी दोघांना बघितलं, हाकेसाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि पडदा ओढून घेतला.