गुलाबी ठिगळ

वाटीतल्या पाण्यावर धुळीची बारीक साय धरली होती. म्हणजे कालही ताईने कवळी उचलली नव्हती; परवाचेच पाणी, परवाचीच कवळी, खिडकीच्या उजेडात जराशी कलंडून बसलेली, आणि पुढच्या दोन दातांमधल्या फटीत एक बुडबुडा अडकलेला. धाकट्या बहिणीने बोटाने वाटी हलवली. बुडबुडा थरथरला, सुटला मात्र नाही. हिरडीचा गुलाबी रंग अजून विटला नव्हता. तिनेच कालवलेला, तिनेच शिजवलेला, तिनेच घासून गुळगुळीत केलेला. सरली होती ती ताईची खरी हिरडी, आत आत गेलेली, इतकी की आता कवळी घातली तर बोलताना आपसूक खाली येते, आणि ताई म्हणते, "माझ्या आधी हीच बोलते."

तोच गुलाबी रंग मागच्या न्हाणीघरातल्या टबात, कासवाच्या पाठीवर होता. आज तो काढायचा होता. खाली हाड सांधले असेल तर कासव तळ्यात जाईल. आतून सडले असेल तर... डॉक्टरीण त्याला 'झोपवणे' म्हणते. काय शब्द आहे! झोपवतात ते लहान मुलाला. तिने वाटीतले पाणी बदलले, कवळी पुन्हा आत सोडली आणि ओट्यावरून उगीचच फडके फिरवत राहिली, जणू ओटा पुसून झाला नाही तर दुपार व्हायची थांबेल.

मागची थंडी सुरू व्हायच्या आधी एका दुपारी ती तरुण डॉक्टरीण दारात उभी राहिली होती — जनावरांची डॉक्टर, पलीकडच्या गल्लीत दवाखाना — एका हातात बादली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. हिच्या आजीची कवळी मीच केली होती, धाकटीला आठवले. खालचा जबडा पुढे आलेली, हट्टी बाई, आणि तोच जबडा पुढे काढून नात विचारत होती, "कवळीवाल्या आजी, ते दातांचं गुलाबी अजून आहे का हो तुमच्याकडे?" बादलीत कासव. पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाक्यांमागे जे तळे आहे, त्याच्या कडेच्या रस्त्यावर कुठल्याशा गाडीचे चाक त्याच्या पाठीच्या काठावरून गेले होते. पाठ अशी दिसत होती की मला बशीच आठवली... हातून पडलेली, पण अजून वेगळी न झालेली बशी, जी उचलायचा धीर होत नाही.

दंतवैद्याच्या मागच्या खोलीत तिचा उभा जन्म गेला होता. पुढच्या खोलीत माणसे आ करायची, मागच्या खोलीत त्यांच्या जबड्यांचे साचे यायचे, आणि ती त्यांना दात द्यायची. कितीतरी माणसांची तोंडे तिला पाठ होती आणि चेहरे ठाऊक नव्हते. रस्त्यात कुणी हसले तर तिला आधी दात ओळखू यायचे, मग कुठे माणूस. म्हाताऱ्या हातांना ते सगळे त्या दुपारी एकदम परत मिळाले. भुकटीवर द्रव ओतताच नाकात चढणारा तो वास घरभर झाला, तिला हसू आले, आणि डोळ्यांत पाणी, वासामुळेच असेल. ते गुलाबी घट्ट होताना तापते. साच्यात तापले तर तापू दे, पण इथे खाली जिवंत हाड होते, म्हणून ती कागदाएवढे पातळ थर देत गेली, प्रत्येक थरावर ओला कापूस धरून. मधेच कासवाने मान बाहेर काढली आणि एक लांब सुस्कारा टाकला, पुढच्या खोलीतून भिंतीपलीकडून यायचा तसाच.

"सांधे सोडा हं, आजी," डॉक्टरीण म्हणाली होती. "ह्या ढालींच्या मधल्या रेघा. तिथूनच ते वाढतं. त्या बुजवल्यात तर कुबड येईल बिचाऱ्याला."

बुजवण्यातच वाढलेला हात तिथे अडला. पण सोडल्या तिने रेघा. काम संपले तेव्हा पाठीवर गुलाबी ठिगळे ठिगळे दिसत होती, आणि डॉक्टरीण हसून म्हणाली, "जगातलं पहिलं कासव, हिरडीवालं!"

फट सोडणे तिला नवीन नव्हते म्हणा. ताईच्या पुढच्या दोन दातांत जन्मापासून फट होती. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवले. ताई तेव्हा स्वतःच परकरातली. अंधार पडायला लागला की ताई दारात उभी राहून त्या फटीतून शीळ घालायची, आणि गल्लीच्या पार टोकाला खेळ रंगात आलेला असला तरी पाय घराकडे वळायचे. मागून पोरे चिडवायची, "गाडी सुटली रे सुटली!" शरमेने कान तापायचे, पण थांबायची टाप नव्हती. पुढे ताईचे दात काढावे लागले तेव्हा तिने ताईची कवळी केली आणि न विचारता फट ठेवली. ताईने आरशात पाहिले. जेवण झाले, भांडी झाली, आणि मग मोरीपाशी उभे राहून हळूच शीळ घालून पाहिली — फुस्स! फट अगदी तीच, नखाएवढाही फरक नाही, पण नुसती हवा. दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की ताईला खाली बसावे लागले. "फसलीस, छोटे," ताई डोळे पुसत म्हणाली होती, "भोक आलं, शीळ राहिली तिकडंच."

तीच ताई मागच्या पावसाळ्यात जेवेनाशी झाली. ताट समोर ठेवले की म्हणे, ठेव, खाते. तासाने पाहावे तर तसेच. नवी कवळी करू, माप घेऊ, तोंड उघड जरा, म्हटले तर ओठ घट्ट मिटून मान हलवायची. आणि मग कासव आले. ताईने त्याचे नाव पाहुणा ठेवले. न्हाणीघरात स्टूल टाकून ती टबापाशी बसायला लागली, मांडीवर दुधात कुस्करलेल्या पावाची वाटी घेऊन. एक घास खायची, मग त्याला काहीतरी सांगायची, मग आणखी एक घास. "पाहुणा माझ्यावर नजर ठेवून आहे गं, न खाऊन जाते कुठं?" दाराच्या फटीतून ते पाहताना आपला जीव केवढा हलका झाला होता... म्हणून तर डॉक्टरीण ठिगळ काढू या म्हणाली की काहीतरी निघायचे. कधी गुडघा, कधी सर्दी. कधी, घासायचे मशीन नीट चालत नाही. ताईसाठीच की! ताई खातेय ना, खाऊ दे.

आज मात्र सबब उरली नव्हती. तिने कासव बादलीत घातले, वर ओले फडके टाकले.

"पाहुण्याला थंडी वाजेल," ताई स्टुलावरून म्हणाली.

"दुपार आहे, ताई."

"त्याला काय माहीत दुपार." थोडे थांबून, "आणशील ना परत?"

"बघू."

बघू म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत नव्हते, की माहीत होते म्हणूनच ताई रिकाम्या टबाकडे वळली? बादली जड होती. चार पावलांवर हात बदलावा लागत होता. कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "काय आजी, मासे का?" सोन्याचा सुळा, वरच्या बाजूचा, आपल्या हातचा नाही. "मासे नाहीत, पाहुणा," ती म्हणाली, आणि तो न कळून हसला.

दवाखान्यात टेबलावर एक धामण होती. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर अडकलेली. डॉक्टरीण तेलाचा बोळा घेऊन तिला खवल्या-खवल्याने सोडवत होती, मान न उचलता. "दोन मिनिटं, आजी. ओढलं तर कातडी निघते." शेवटची बोटभर शेपटी सुटली तेव्हा धामण वळली आणि तिने डॉक्टरिणीच्या हातमोज्यावर सपकन तोंड मारले. "शाबास!" डॉक्टरीण खुशीत म्हणाली. "जिवात जीव आहे अजून." धामण पिशवीत गेली, टेबल पुसले गेले, त्यावर कासव आले.

"घ्या. तुमचं काम, तुम्हीच उघडा."

छोटे मशीन गुणगुणायला लागले. कडेकडेने घासत जायचे, चिरेला धक्का न लावता. गुलाबी भुकटी तिच्या मनगटावर, चष्म्यावर, कासवाच्या मिटलेल्या डोळ्यांवर बसत होती. सडले असेल तर आधी वास येईल, हे तिला ठाऊक होते. तोंडांनीच शिकवलेले ते. वास कधी खोटे बोलत नाही. म्हणून ती श्वास रोखत होती, आणि मग घेत होती, आणि एका श्वासाच्या अलीकडे, जिथे अजून काहीच कळलेले नव्हते तिथे, मनात आले: थोडा येऊ दे. अगदी थोडा. झोपवण्याइतका नाही, फक्त अजून एक ऋतू थांबण्याइतका...

मशीन तिने बंद केले. हात थरथरत नव्हता, ह्याचेच तिला भय वाटले. हे माझ्याच डोक्यात आले? ह्या जिवाला थोडे सडलेले मी मागितले?

"काय झालं, आजी?"

"काही नाही. चष्मा पुसते."

पातळ पात्याने ठिगळाची कड उचलली. टक्क असा आवाज झाला आणि ते निघाले, पाठीचा ठसा पोटाशी घेऊन, हुबेहूब साच्यासारखे. वास आला तो तळ्याचा, जुन्या पाण्याचा. मग बाकीची ठिगळेही एकेक करून निघाली. चिरेच्या जागी फिकट, खरबरीत हाड धरले होते. ओबडधोबड. तिने स्वतः असे कधी कुणाला दिले नसते, परत घासायला घेतले असते. आणि सोडलेल्या रेघांच्या काठाने, दोन्ही बाजूंनी, सुतासारखी नवी कोवळी किनार. वाढले होते ते. तिच्या गुलाबीच्या शेजारून, तिला न विचारता.

"जमलं की हो!" डॉक्टरिणीने तिचा खांदा दाबला. "आजच सोडा, उन्हं आहेत तोवर. घरात आता एक रात्रही नको. आणि खरं सांगा, पावलं वाजली की मान वर करतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग बरं. नाहीतर माणसाच्या नादाला लागलेलं कासव तळ्यावर टिकत नाही. कुणीही उचलतं."

परत येताना बादली तितकीच जड होती. वरच्या रस्त्याने गेले असते तर तळे आधी लागले असते. ती खालच्या रस्त्याने आली, ताईला दाखवायचे आहे म्हणून. हे कारण खरे होते, आणि तरी ते मनात दोनदा म्हणून पाहावे लागले.

ताई स्टुलावरच होती. कासव टबात सोडले. ताईने वाकून एक बोट त्याच्या पाठीवर ठेवले, हळूहळू पुढे नेले, थांबवले.

"इथं खड्डा आहे."

"तो राहणार."

"दुखतंय?"

"नाही आता."

"मग पोचवायचं कधी पाहुण्याला?"

"घाई कुठं आहे? राहील चार दिवस. तुलाही सोबत होते."

"मला?" ताईने मान वर केली. दातांवाचून तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता, खूप जुन्या लहान मुलीसारखा. "अगं, मला कसली सोबत? तू दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असतेस. खाल्लंस का, गिळलंस का, दुखतंय का. इथं बसून चार घास खाल्ले की दाराआडून तुझा श्वास सुटलेला ऐकू येतो मला. म्हणून बसते." मग टबाकडे बघत, "तो बोलतही नाही काही, मेला."

कासवाने पाण्यातून मान वर काढून दोघींकडे पाहिले, एकीकडून दुसरीकडे.

"जा, माझी कवळी आण," ताई म्हणाली. "चारचौघांतून जायचं तळ्यापर्यंत, ते काय असं बोळकं घेऊन?"

"पडेल ती, ताई."

"पडली तर तू उचल. आण."

स्वयंपाकघरात वाटीतले पाणी स्वच्छ होते. फटीतला बुडबुडा गेला होता; कधी, ते कळले नव्हते. कवळी हातात घेताच बोटांनी आपोआप कड चाचपली — इथे सैल, इथे टोचत असणार, इथे आतून एक थर दिला तर... डब्याच्या तळाशी भुकटी आहे अजून... बोटे हिशेब करतच राहिली आणि ती त्यांच्याकडे पाहत राहिली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. ह्यांना सतत काहीतरी मोडलेले लागते. टब रिकामा झाला, ताईने तोंड मिटले, की मग ह्यांनी काय करायचे? हे इतके दिवस कुणी विचारले नव्हते. मीही नाही. ताईसाठी, ताईसाठी म्हणत मी बादली कुणासाठी वाहत होते?

न्हाणीघरातून आवाज आला. आवाज तरी कसला, नुसती हवा. दात नसलेल्या तोंडातून एकदा, मग दम घेऊन पुन्हा. गल्लीच्या टोकापर्यंत पोचायची ती हाक आता दोन भिंतीही धड ओलांडत नव्हती. पाहुण्याला असेल. की मला? उन्हे ओट्यावरून उतरून फरशीवर आली होती. कवळीतून पाणी निथळत मनगटावरून कोपराकडे चालले होते, तिथे अजून थोडी गुलाबी भुकटी होती, आणि ते तसेच वाहू देत ती उभी राहिली. आणि खेळ अर्धा टाकून निघताना पायांत व्हायचे ते काहीतरी इतक्या वर्षांनी पुन्हा झाले... आता जायचेच आहे, आणि तरी अजून थोडे, अगदी थोडे, थांबायचे आहे.