आबांनी मला झुंजीला लावलं नाही

मी चारोबा बोलतोय. तोंड बकरीचं, पाठीवर हिरवंगार गवत अन् जन्म अंड्यातून! हसा, हसून घ्या. मोबाइलमधल्या खेळात असंच असतं. तुमच्याकडं तरी कुठं सगळं रीतसर चालतं?

माझे मालक सांडूआबा. मूळचे पैठणकडचे मेंढपाळ. पुढं उमर गेली चिकलठाण्याच्या कारखान्यात. दोन वर्षांमागं छातीत कळ आली, डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आबा चालायचे कोपऱ्यावरच्या चहापर्यंत अन् घरी सांगायचे, "इमानतळ गाठून आलो." मग नातीनं, अपेक्षानं, त्यांच्या मोबाइलात हा खेळ घातला. यात चालल्याबिगर अंडं फुटत नाही. म्हातारा पाच किलोमीटर चालला, तेव्हा मी बाहेर आलो.

"अगं, पाठीवरच चारा!" आबा ओरडले. "असलं बकरू माझ्या बापाला गावलं असतं तर रानोमाळ कशाला हिंडला असता?" अन् नाव पडलं चारोबा.

त्यांची बायको दगडाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "घरच्या बकऱ्या इकल्या, अन् आता काचंत कळप राखता व्हय?"

"ह्यांला पाणी पाजावं लागत नाय," आबा म्हणाले. लई खूश!

संध्याकाळी आजा-नात मिळून हिंडायची. चौकाचौकात एखादा दांडगा बॉस उतरतो. पाच मिनिटांत सगळ्यांनी मिळून त्याला लोळवला तर तो आपल्याला धरता येतो. प्रत्येकानं आपल्या कळपातले सहा गडी निवडायचे. बॉसला जो भारी पडतो त्याला ही पोरं काउंटर म्हणतात. आबा म्हणायचे, तोड. मी काही शिकलेला नाही, पण हिशोब सोपा आहे. आमच्यात कुणी विस्तवाचा, कुणी पाण्याचा, कुणी माझ्यासारखा गवताचा. विस्तवाला पाणी विझवतं, पाण्याला गवत पिऊन टाकतं अन् गवताला विस्तव खातो. माणसं मात्र अंगापिंडानं मोठा तोच घेतात, पुढाऱ्यासारखा.

मागच्या मार्चात अपेक्षाला हैदराबादला नोकरी लागली. जायच्या आदल्या रविवारी क्रांती चौकात पाण्याचा बॉस आला. जायकवाडी पिऊन बसल्यासारखं त्याचं पोट.

"आबा, हा पाहिजेच," अपेक्षा म्हणाली. "हा परत कधी येईल नेम नाही. आपण दोघांनी मिळून धरलेला एक तरी मोठा सोबत नेते."

तिचा मित्र इंद्रजीतही आला. तिघंच. "आबा, चारोबा पुढं ठेवा. तुमच्याकडं तोच तोड आहे," तो म्हणाला.

"ठेवतो की!"

मोबाइलनं आपणहून मला पहिल्या जागेवर बसवलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बापाची रीत होती: हातावर वाढवलेलं कोकरू इकायचं नाही, कापायचं नाही, झुंजीला लावायचं नाही. आबांच्या बोटानं मला हळूच बाजूला सारलं अन् माझ्या जागी विस्तवाचा बैल बसवला. हा मार सोसंल म्हणून!

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बैल पाण्यात जाताना मी फिदीफिदी हसलोसुद्धा. बैल दोन दणक्यांत विझला. वेळ सरली तेव्हा बॉसचा बोटभर जीव उरला होता.

"आबा, पाण्यापुढं विस्तव? चारोबा कुठंय?"

"बोट सरकलं गं, बाळा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आबांचा हात हातात घेतला अन् कापतोय का ते बघितलं. मग म्हणाली, "राहू द्या, आबा." दुसऱ्या दिवशी ती गेली.

हैदराबादेतून ती अजून खेळते. तिकडच्या बॉसवर इकडच्या माणसाला बोलावता येतं. इंद्रजीतला बोलावते. आबांना नाही. दगडाबाईला फोनवर म्हणाली, "त्यांची बोटं थकलीत गं, आजी. कशाला दमवायचं?" फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला. आबा समोरच भाकर खात होते. खरं सांगायचं सोडून त्यांनी आणखी कालवण वाढून घेतलं.

आता मी रोज आबांसोबत चालतो. अंगावर ओरखडा नाही, नव्यासारखा आहे. सगळ्यांच्या खोड्या काढणारा मी, पण म्हातारा रिकाम्या बोटांनी मोबाइलची काच पुसतो तेव्हा मला एक खोडी सुचत नाही.

आबा, मी तुमच्या बापाच्या कळपातलं कोकरू नव्हे हो. मी पडलो असतो तर औषधाच्या एका थेंबानं उठून शिंगं हलवली असती. पोरीला एक फोन लावा. बोट सरकलं नव्हतं, माया आडवी आली, एवढंच सांगा. ती हसंल, नायतर चिडंल, पण बोलावील.

अन् तिनं बोलावलं की मला पहिला लावा. मी उताणा पडलो तर दोघं मिळून खुशाल हसा.