चुलींच्या यादीतली शेवटची दोन पानं

न्यूझीलंडमधल्या मनुरेवा उपनगराच्या लायब्ररीत जमणाऱ्या वंशावळ मंडळाला कांचन सापडली ती तिच्या डोळ्यांमुळे. पुण्यात सहा वर्षं तिने डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावून औषधं दिली होती. इथली फार्मसिस्टची परीक्षा अजून व्हायची होती, म्हणून ती घरी होती. १६६४ सालच्या एका इंग्लिश खेड्याच्या करयादीचं झेरॉक्स मंडळात कुणालाच लागेना. कांचनने ते घडाघडा वाचलं.

कर चुलींवर होता. अंमलदार घरात शिरायचा, चुली मोजायचा आणि तितका कर लावायचा. जमीनदाराच्या चौदा चुली. शेवटच्या दोन पानांवर एकेचाळीस घरं: एक चूल, गरीब, माफ. वर्षभराच्या लेकीला, ऋग्वेदाला, मांडीवर घेऊन कांचनने सगळं एका हाताने टाइप केलं. 'विधवा टकर, एक चूल' या ओळीवर तर पोरीने कीबोर्डवर थपाथप इतके हात मारले, की ती तीनदा लिहावी लागली.

आता पुस्तिका छापायची वेळ आली, तर अध्यक्ष बेरिल म्हणाली, शेवटची पानं गाळू या, जागा नाही. "त्यांनी काही भरलंच नाही, डिअर. त्यांना कोण शोधणार?"

कांचन धुमसतच घरी आली. नवरा, इंद्रनील, म्हणाला, फुकटचं काम, वर भांडण कशाला ओढवून घेतेस.

"अरे, परक्या माणसाने घरात घुसून चूल बघितली त्यांची. बघून 'गरीब' लिहिलं. आणि आता तेवढंही पुसायचं?"

इंद्रनील लेकीची हरवलेली जँडल, ती इवली रबरी चप्पल, शोधू लागला.

शनिवारी ती ऋग्वेदाला कडेवर घेऊनच मीटिंगला गेली. टाइप केलेल्या यादीची फ्लॉपी नॅपीच्या पिशवीत होती. जमीनदाराच्या बंगल्याचा फोटो दोन पानं खातोय, तो काढा, तिने सांगितलं. फोटोमुळेच तर पुस्तिका खपेल, असं बेरिलचं म्हणणं.

"मग फ्लॉपी माझ्याकडेच राहील."

बेरिलने झेरॉक्सची शेवटची पानं पुढे ओढली. मग तिने विचारलं, या विधवा टकरचं नाव काय होतं?

"लिहिलेलं नाही. चूल मोजणाऱ्याने विचारलं नसेल."

बेरिलने चष्मा काढून पुसला. फोटो एका पानावर आणू, ती म्हणाली, पण उरलेल्या एका पानात एकेचाळीस नावं म्हणजे अक्षर फारच बारीक होईल.

कांचनने पिशवीतून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. औषधांच्या बाटल्यांवर याहून बारीक असतं, तिने सांगितलं. ज्याला हवं तो वाचतो.