जानू तांडेल काय बोलला

दातिवऱ्याच्या जानू तांडेलाला पिक्चरची हौस कधीच नव्हती. तरी त्या एका आठवड्यात तो पालघरच्या टॉकीजमध्ये पाच वेळा गेला, आणि पाचही वेळा मुख्य पिक्चर सुरू व्हायच्या आधीच बाहेर पडला. डोअरकीपरला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं, पण उगाच नाही.

सुरुवात झाली सहासष्ट सालच्या नारळी पुनवेला. त्या दिवशी मुंबईहून 'किनाऱ्यावरची माणसं' ही मालिका काढणारी मंडळी गावात उतरली. मालिकेचा एकेक भाग टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी दाखवत, आणि तो संपेपर्यंत बाहेर विड्या ओढत उभं राहायची लोकांची रीत होती. तीन वर्षं हे असंच चाललेलं. तारापूरच्या वीज केंद्राचं बांधकाम टिपून झालं, आता नववा भाग कोळ्यांचा. काळा चष्मा लावलेले साहेब म्हणाले, "आमचे भाग दिल्लीपर्यंत जातात. मंत्रीसुद्धा बघतात."

हे ऐकलं आणि जानूच्या डोक्यात किडा वळवळला.

दोन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी त्याचा धाकटा भाऊ नामदेव गेला होता. तिथं एक खडक आहे, भरतीत तो पाण्याखाली जातो. तिन्हीसांजेला येताना होडी त्यावर बसली आणि फुटली. खडकावर एक बत्ती असती तर नामदेव घरी येऊन जेवला असता. बत्तीसाठी जानूनं तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. नामदेवच्या बायकोला, नलूला, त्यानं शब्द दिला होता की बत्ती लावल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. आता अर्जाची कटकटच नको, थेट मंत्र्यालाच सांगू, असं त्याला वाटलं. त्यानं साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, "बोला की, जरूर बोला. आधी नारळाचं होऊन जाऊ दे."

नारळाचा मान जानूचाच होता. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यानं कपाळाला लावला, हात जोडले आणि दर्याला दिला. बायकांनी गाणं म्हटलं. एवढ्यात कॅमेऱ्याजवळचा माणूस ओरडला की फिल्मची पट्टी अडकली, काही टिपलं गेलं नाही.

"पुन्हा एकदा करा," साहेब म्हणाले.

"नारल एकदाच देतात, सायेब. दर्याला दिला तो दिला."

"मग भाग कसा होणार? आणि तुम्हाला बोलायचं होतं ना?"

जानूनं वळून बघितलं. मागं सगळं गाव बघत होतं. त्याची बायको हंसा पुढं आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नका करू. दर्याची थट्टा हाय ही." पण जानूला पाण्याखालचा तो खडक दिसत होता. त्यानं दुसरा नारळ मागवला आणि फेकला. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. त्या रात्री हंसानं त्याच्यापुढं ताट आदळलं.

मात्र जानूला बोलायला मिळालं. होडीच्या कडेवर बसून, कॅमेऱ्यात बघून त्यानं सगळं सांगितलं. खडक कुठं आहे, भरतीला पाणी किती चढतं, नामदेव कसा गेला, अर्जांचं काय झालं. साहेब मान डोलवत म्हणत होते, "छान, छान, बोलत राहा." गावाला दोरीच्या पलीकडं थोपवलं होतं, लाटांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. जानू हलका होऊन घरी आला.

भाग पालघरला यायला आठ महिने लागले. सकाळची एस.टी. आणि पुढं गाडी पकडून पंचवीस माणसं तीनच्या खेळाला गेली. नलूही होती. त्या टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधीच खुर्च्या भरल्या, असं पहिल्यांदाच झालं.

पडद्यावर दर्या आला, होड्या आल्या, दुसरा नारळ आला. मग जानूचं तोंड आलं, हे एवढं मोठं, आणि ते बोलू लागलं. आवाज मात्र शहरातल्या कुणा गुळगुळीत माणसाचा होता. "आम्हां कोळ्यांना कसली हो कमी? दर्या आमचा बाप. तो देतो, आम्ही खातो. आम्हाला कुणाकडं काही मागायचं नाही." लगेच सुकी मासळी आली, नाचणाऱ्या बायका आल्या आणि भाग संपला.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. जानूच्या अंगाची लाहीलाही झाली. आपल्याच तोंडातून दुसरा माणूस खोटं बोलतोय, आणि आपण खुर्चीत बसून ऐकतोय! असा संताप त्याला अर्जांची उत्तरं वाचूनही आला नव्हता.

बाहेर नलूनं त्याला गाठलं. "भावोजी, बत्तीचं बोललाव नाय तुमी?"

"बोललू ग. तो आवाज माजा नाय."

"आवाज त्यांचा, पन तोंड तुमचाच हाय ना? दोनदा नारल टाकलाव आनि सांगितलाव काय, तर आमाला काय मागायचं नाय?" तिचे डोळे भरून आले. "मी गावभर सांगत फिरले, भावोजी बत्ती आनतील म्हनून."

ती पुढं निघून गेली. बाकीचेही स्टेशनकडं चालू लागले. मोठ्या लोकांसमोर जानूची दातखीळ बसली असेल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शपथा घालून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी जानू एकटाच टॉकीजला आला आणि मशीन चालवणाऱ्या रामूला भेटला. रामूनं शांतपणे समजावलं. "काका, आवाज मागाहून घालतात. त्या दिवशी आवाजाचं मशीनच आणलं नसणार त्यांनी. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही."

"मग मना बोलत राहा कशाला सांगला?"

"तोंड हलायला पाहिजे ना."

जानूला वाटलं, समोरची भिंत फोडावी. अर्धा तास तो देवळात बसावं तसा मन लावून बोलला होता आणि त्यांना फक्त हलणारं तोंड हवं होतं. पायरीवर बसून त्यानं साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग एकाएकी तो थांबला. आवाज त्यांनी टाकला असेल, पण तोंड तर खरंच हललं होतं ना? मग त्या तोंडातून तेव्हा काय निघत होतं?

त्या दिवशी तो आत बसला. दहा सेकंद तोंड दिसलं, आणि गेलं. हाती काहीच लागलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं कान गच्च दाबून घेतले आणि ओठ मिटतात कुठं, उघडतात कुठं, एवढंच बघितलं. भरतीचं पाणी? नाही. अर्ज? तेही नाही. चौथ्या खेपेला ओठ हलवत हलवत एक शब्द पडद्यावरच्या ओठांशी एकदम जुळला. पुढची सगळी वाक्यं आपोआप तोंडात आली. खुर्चीतच त्याला रडू फुटलं.

गुरुवारी भागाचा शेवटचा दिवस होता. त्यानं नलूच्या दारात जाऊन हात जोडले. "एकदाच चल. मंग मना काय बोलायचा ता बोल." ती आली, पण एस.टी.त दोन बाकं सोडून बसली.

आत सात-आठ माणसं होती, बाकीची बाहेर विड्या ओढत होती. जानूनं नलूला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. डोअरकीपर धावत आला, तोवर ते तोंड पडद्यावर आलं होतं. स्पीकरमधला माणूस गोड आवाजात दर्याला बाप म्हणू लागला, आणि त्याच्यावर आवाज चढवून, पडद्यावरच्या ओठांबरोबर ओठ हलवत, जानू ओरडला, "माजा भाव नामदेव त्या खडकावं गेला. बत्ती असती त वाचला असता. आमाला बत्ती द्या!"

एक शब्द मागं नाही, एक पुढं नाही. 'नामदेव' म्हणताना दोघांचे ओठ एकदमच मिटले आणि उघडले. नलू उठून उभी राहिली. मग नाचणाऱ्या बायका आल्या आणि डोअरकीपरनं जानूला दंडाला धरून बाहेर काढलं.

नलू मागोमाग बाहेर आली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"दिसला मना, भावोजी," ती म्हणाली. "तुमी त्यांचाच नाव घेतलाव. पन तिकडं दिल्लीत त्या मंत्र्याशेजारी कोन उभा राहील वरडायला?"