निळ्या तीर्थातला थेंब

दर गुरुवारी निफाडकडच्या एका द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. मधोमध चौरंग, चौरंगावर हार घातलेला काचेचा पेला, पेल्यात निळंशार पाणी आणि त्यामागे नीळकंठ महाराज. हलाहल पचवून देवाच्या कंठात जे उरलं, तेच हे तीर्थ, असं महाराज सांगत. ते प्लास्टिकच्या कॅनमधून का येतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"बोट पुढं कर, माउली!"

सुई टोचायची, रक्ताचा थेंब पेल्यात सोडायचा. बुडाला तर जड रक्त, माणूस पुण्यवान. वर तरंगला तर महाराज डोळे मिटून कण्हत. "हलकं रक्त! ज्या घरात हे तरंगतं, ते घर बुडतं!"

पुरुषांचे थेंब बहुतेक बुडत, बायकांचे बहुतेक तरंगत. पाप बायकांच्याच अंगात असतं याचं शेडमधल्या एकाही पुरुषाला नवल वाटलं नाही.

वाल्मीकलाही नाही. त्याची बायको सुवर्णा पाच महिन्यांची गरोदर होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. तिचा थेंब तरंगला तेव्हा वाल्मीकची आई ठमाबाई जवळजवळ खूशच झाली. इतके दिवस नुसता संशय होता, आता पुरावा मिळाला.

"नुसती पांढऱ्या पायाची वाटली होती," ती चार बायकांत म्हणाली, "ही तर पांढऱ्या रक्ताची निघाली!"

महाराजांचा उपाय सोपा होता. दिवसातून एकदा मूठभर भगर, तीही अळणी. भाजी, डाळ, गूळ बंद. सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी घरी आणून दिलेल्या लोहाच्या गोळ्या तर आधी बंद.

"त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं का नाय?" महाराजांनी विचारलं.

"व्हतं, महाराज," ठमाबाई म्हणाली.

"मग? त्यो पापाचा रंग हाय. गोळी पाप मुरवती!"

ठमाबाईनं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

"अहो, डोळ्यांपुढं अंधारी येती," सुवर्णा नवऱ्याला म्हणाली. "अर्धी भाकर तरी द्या."

"थोडं सोस की. पोरासाठीच चाललंय ना?" वाल्मीक म्हणाला, आणि आपल्या ताटावर बसला.

काही गुरुवार गेले आणि तिचा थेंब बुडाला. शेडमध्ये जयजयकार झाला. सुवर्णाला प्रसाद घ्यायला उभं राहता येईना; ती क्रेटवर बसून धापा टाकत होती. "पाप निघून गेलं की अंग रिकामं लागतंच," महाराज म्हणाले. वाल्मीकनं पेढे वाटले.

त्याच आठवड्यात वाल्मीकचा मित्र सनी याच्या वडिलांसाठी प्लाझ्मा हवा होता. वाल्मीकचा रक्तगट एबी, त्याचा प्लाझ्मा कुणालाही चालतो, म्हणून सनीनं त्याला शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका रक्तकेंद्रात नेलं. तिथं आधी वजन झालं, मग रक्तदाब, नाडी, ताप. प्रत्येक आकडा वाल्मीक निकाल लागल्यासारखा ऐकत होता.

"घाबरू नका, दादा," डॉ. तेजस्विनी म्हणाल्या. "प्लाझ्मा म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी. त्यातली प्रथिनं पुरेशी आहेत का, अंगात रक्त पुरेसं आहे का, एवढंच बघतो. देणाऱ्याला इजा नको."

त्यांनी बोट टोचलं आणि थेंब एका निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडला. थेंब बुडाला. वाल्मीकनं पायांतल्या चपला काढून हात जोडले.

"हे काय?"

"तीर्थ हाय ना, म्याडम. आमचे महाराज इथं बी येत्यात का?"

डॉक्टर हसल्या. "मोरचूद आहे हो, मापानं कालवलेला. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असलं की थेंब जड होतो आणि बुडतो. कमी असलं की तरंगतो."

"आमच्या मंडळींचा तरंगला व्हता. पन उपास केल्यावर बुडाला."

डॉक्टरांचं हसू गेलं. "उपासानं रक्त वाढत नाही, दादा. ते पाणी पातळ केलं असणार. पातळ पाण्यात कुणाचाही थेंब बुडतो."

"पन बायकांचंच कसं तरंगतं?"

"पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं. ते भरून काढायला अन्न लागतं. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

"मंडळीच. पोटुशी हाय ती," वाल्मीक म्हणाला.

"कितवा महिना आहे त्यांना? आत्ता जा, घेऊन या. प्लाझ्मा दुसरं कुणी देईल."

सुवर्णाला सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली होतं. रक्त चढवलं, ती वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

पुढच्या गुरुवारी वाल्मीक सनीला घेऊन शेडमध्ये गेला. घरच्या फवारणीच्या पोत्यातला मोरचूद त्यानं दुसऱ्या पेल्यात घट्ट कालवून आणला होता.

"महाराज, बोट."

"मूर्खा, तपस्व्याचं रक्त—"

सनीनं महाराजांचं मनगट धरलं, वाल्मीकनं सुई टोचली. तपस्व्याचा थेंब बुचासारखा वर तरंगला. वाल्मीकनं पेल्यात तांब्याभर साधं पाणी ओतलं आणि पुन्हा बोट दाबलं. थेंब तळाला गेला.

"बघा! महाराजांचं सात जन्मांचं पाप एका तांब्यात धुतलं!"

"आयला," मोठे बागायतदार रंगनाथ दोन्ही पेले बघून पुटपुटले, "हे तर बोर्डोच्या फवारणीचं मोरचुदाचं पानी." दरसाल द्राक्षांवर तेच पाणी फवारून सगळ्यांचे हात कोपरापर्यंत निळे होत. पण पेल्याला हार घातला होता, म्हणून एकालाही ओळखू आलं नव्हतं. मग चपला सुरू झाल्या. काल पाया पडणारेच आज पुढे होते. पोलीस येईपर्यंत महाराज क्रेटांच्या मागे रडत होते.

संध्याकाळी वाल्मीकनं दवाखान्यात सगळं सांगितलं. सुवर्णा छताकडं बघत ऐकत होती.

"म्हंजी माझं रक्त पापी नव्हतं."

"नाय."

"मग बाळ कशानं गेलं?"

"नशीब, बाई," ठमाबाई म्हणाली, "देवाच्या मनात—"

"आई, गप." वाल्मीकनं कॉटची दांडी धरली. "तुला उपाशी ठेवलं म्हनून गेलं. आईनं आन् म्या."

सुवर्णानं भिंतीकडं तोंड फिरवलं. ती त्याच्याशी बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही.

थेंब तरंगला तर रक्तात काहीतरी कमी आहे, एवढंच कळतं. का कमी आहे ते डॉक्टरांना विचारावं, तपासून घ्यावं, आणि कारण आपल्याच स्वयंपाकघरात सापडलं तर ते कबूल करावं. तिला गोळी द्यावी. तिला आधी जेवायला वाढावं.