हातासारखा टाका

मशीन बघायला जायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे हे चारचौघांत ती स्वतःच्या नावावर खपवतात. त्यांनी काय केलं, तर जाहिरात बघून "अरे वा" म्हटलं आणि पुन्हा चहात बुडाले. पुढचं सगळं डोकं माझं, म्हणून पुढचा सगळा पस्तावाही माझाच.

मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघी पलंगपोसांवर हाताने नक्षी घालतो. साधा धावदोरा असतो. एक टाका, मग तेवढीच मोकळी जागा, मग पुन्हा टाका. पण त्यातून वेली आणि लाटा अशा काढायच्या की माणसाने झोपायचं सोडून बघत बसावं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला बटणही धड लावता येत नव्हतं. जाऊबाईंनी मला समोर बसवलं आणि माझे टाके इतक्यांदा उसवले की एकदा रागाने मी कात्रीच लपवून ठेवली. त्यांनी दातांनी उसवलं. असं माझं शिक्षण झालं.

आमची पद्धत अशी, की लांब चौकटीवर कापड ताणायचं, एका टोकाला त्या बसणार, दुसऱ्या टोकाला मी. दोन्हीकडून नक्षी घालत मध्यावर यायचं. तिथे एकाच वेलीचा अर्धा देठ त्यांचा आणि अर्धा माझा, पण सांधा कुठे आहे ते कुणाला कळता कामा नये. आमचा माल घेणारा दुकानदार चष्मा चढवून सांधा शोधायचा आणि दर वेळी हरायचा. त्या दिवशी जाऊबाईंच्या हातून आमटीत मीठ हमखास जास्त पडायचं. आनंद झाला की त्यांचं असंच होतं.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि पाठोपाठ डावाही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, गोळ्यांनी जरा आवरेल, पण हात पूर्वीसारखे होणार नाहीत.

सांधा दिसायला लागला. दिसायला काय, डोळ्यांत खुपायला लागला. एके दिवशी दुकानदाराने पलंगपोस परत दिला, तोही जाऊबाईंचं टोक आत जाईल अशी घडी घालून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, यापुढे सगळं तुमच्याच हातचं पाठवा." बिचाऱ्याला वाटलं, आपण हळू बोललो. जाऊबाई दारातच चपला घालत होत्या. त्या चपला घालायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. "काम गेलं तर मी या घरात नुसती जेवायला उरेन," असं त्या मला म्हणाल्या. मी चिडले. "असं बोलून मला पाप लावू नका," म्हटलं. पण त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

म्हणून ते मशीन. इतर मशीनसारखी सलग टीप ते मारतच नाही. त्यात दोरा एकच असतो आणि टाका पडतो तो थेट धावदोऱ्यासारखा, मधे जागा सोडून, हाताने घातल्यासारखा. बाकी काही म्हणजे काही त्याला येत नाही. मला वाटलं, हात थरथरला तर थरथरू दे, टाका मशीन घालेल, नक्षी जाऊबाई घालतील. सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

जाऊबाईंनी आधी नाक मुरडलं. "त्याला काय कळतंय, वेल कुठे थांबते ते?"

"त्याला कशाला कळायला हवं? तुम्हाला कळतं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या आधी तयार. नखं कापलेली, केस चापूनचोपून बसवलेले, आणि पिशवीत स्वतःचं कापड. त्यावर खडूने वेल काढलेली होती. खडूची रेघही हललेली होती. वाटेत त्या म्हणाल्या, "दुकानातल्या चिंधीवर काय, कुणालाही येईल. आपल्या कापडावर बघू." त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी ती जुनी ऐट होती. ती ऐकून माझा जीव सुखावला. देवाने मला तिथेच अक्कल द्यायला हवी होती.

मशीनच्या दुकानातला विक्रेता टाय घातलेला आणि भलता गोड बोलणारा. त्याने आधी स्वतः मशीन चालवून दाखवलं, मग मला बसवलं. किंमत ऐकल्यावर माझा पाय मशीनच्या पेडलवर जरा जास्तच दाबला गेला, पण रेघ सरळ आली. खरं सांगते, सुंदर आली. जाऊबाईंनी कापड उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलट केलं, आणि म्हणाल्या, "बरं आहे." त्यांच्या तोंडून हा शब्द निघायला मला एके काळी वर्षं लागली होती.

मग त्या बसल्या. स्वतःचं कापड सुईखाली सरकवलं. पाय अगदी बेताने दाबला. मशीन टाके घालायला लागलं, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की कापड वळवायला हातच लागतात. वेल म्हणजे नुसतं वळणच. आणि वळवणारे हात थरथरत होते. मशीन आपलं काम चोख करत होतं. हात जिकडे हलेल तिकडे टाका, हात जेवढा हलेल तेवढा टाका. दोन्ही हातांची थरथर ते पक्क्या दोऱ्याने कापडावर लिहून काढत होतं.

मी घाईने म्हटलं, "वेग कमी करा हो जरा."

त्याने कमी केला. मग तर रेघ आणखीच हलली.

जाऊबाई थांबल्या. विक्रेता वाकून बघायला लागला आणि खूश होऊन म्हणाला, "वा काकू! एकदम हातचं वाटतंय! लोक मुद्दाम असं वाकडं मागतात हल्ली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याला तरी काय बोलायचं? तो मनापासून कौतुक करत होता. मी पिशवी उचलली. "चला जाऊबाई. नको हे. आपण विचार करून कळवू."

त्या उठल्या नाहीत. आपल्या वेलीवरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता विक्रेत्याला विचारलं, "एकटीने एक पलंगपोस पुरा होतो का यावर?"

"एकटीने? आरामात होईल. दोघींची गरजच नाही."

"मग द्या."

"जाऊबाई, काहीतरीच काय! मला नकोय."

"अगं, तो दुकानदार थांबणार आहे का आपल्यासाठी? दोन्ही टोकं तू एकटी किती दिवस भरशील? हाताने तू मरमर मरशील आणि शेवटी दोघीही घरी बसू. त्यापेक्षा मी एकटी बसते."

"तुम्ही बसणार नाही. काहीतरी काढू आपण. तुम्ही नक्षी काढून द्या, खडूने..."

हे बोलताना मला सकाळची ती खडूची रेघ आठवली आणि मी मधेच थांबले. त्यांनाही कळलं. त्या नुसत्या हसल्या, आणि त्या हसण्यात मला दोष देण्यासारखं काही नव्हतं. दिला असता तर बरं झालं असतं.

विक्रेत्याने नवं खोकं काढायला सांगितलं आणि म्हणाला, "मशीनबरोबर एका माणसाला शिकवणं फुकट आहे. आत्ताच शिकून घ्या. कोण शिकणार?"

"हीच," जाऊबाई म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या जागी मी बसले. माझी पर्स पडत होती, ती त्यांनी उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि माझ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर आलेली माणसं उभी राहतात तशा, वाट अडणार नाही अशा बेताने.

मी त्यांचंच कापड घेतलं आणि त्यांच्या वेलीच्या शेजारून टाके घालत निघाले. पहिलं वळण आलं. दोरा ताणला गेला आणि पुढचा टाका पडेना. सवयीने मी मान मागे वळवली.

"जाऊबाई, इथे कापड सैल सोडू की धरून ठेवू?"

त्यांनी पर्स आणखी जवळ धरली. "मला नको गं विचारू. त्यांना विचार."

मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.