खिळ्याला टांगलेला साक्षी

या, जरा जवळ सरका, मागच्यांनाही जागा द्या. एका गवंड्याची आणि त्याच्या ताईची गोष्ट सांगतो. माना नंतर डोलवा, आधी ऐका.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर साक्षीबाबा बसले होते. समोर आलेल्याच्या चिमटीत ते एक दोरा देत. दोऱ्याला पितळेचा गोळा, त्याचं नाव साक्षी.

"म्हणा, 'मी बरा आहे.' मनापासून म्हणालात तर साक्षी गोल फिरेल. थांबला तर समजा, आत शंका आहे. शंका तुमची हं, माझ्याकडे तो माल नाही!"

लोक हसले, भारावले. बरं वाटलं तर बाबांची कृपा, नाही वाटलं तर तुमची शंका. बाबा दोन्हीकडून मोकळे!

ताई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. आई गेल्यावर धाकट्या भावाला, म्हणजे आपल्या गवंड्याला, तिनेच वाढवलं. बारा वर्षं फिट्सची गोळी घ्यायची, त्यामुळे तब्येत आटोक्यात होती. तिने दोरा धरला. "मी बरी आहे." गोळा गरगर फिरला आणि त्याच दिवशी गोळी बंद झाली, डबी फडताळात गेली.

पुढच्या सभेला धाकटा उभा राहिला. "महाराज, भिंत सरळ आहे का बघायला आमच्याकडेही असाच दोऱ्याचा गोळा असतो, ओळंबा. हातात धरला की तो डुलतोच. रोजचं काम आहे आमचं. तो स्थिर हवा तर आम्ही खिळ्याला टांगतो. तुमचा साक्षी भिंतीतल्या त्या खिळ्याला टांगा आणि मग ताईला बोलू दे."

"खिळ्याला मन असतं का रे, बाळा?"

सभागृह खो-खो हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बस खाली, विटा रच जा!"

घरी त्याने स्वतःचा ओळंबा काढला. "ताई, हा धर. तो गोल फिरेल असं मनात आण आणि म्हण, 'माझं वय दहा वर्षं आहे.'"

"काहीतरीच तुझं!" ती हसली, पण म्हणाली. ओळंबा फिरू लागला. तिचं हसू मावळलं.

"आता डोळे मिट." ओळंब्याची चाल बिघडली, तो भलतीकडेच डुलू लागला. मग त्याने तो खिळ्याला टांगला. तिने दहादा म्हटलं, 'मी बरी आहे.' ओळंबा ढिम्म.

"मी हलवत नाही रे," ती हळूच म्हणाली, "पण हात माझाच हलतोय."

"तेच तर! मनात आणलं की बोटं कळत नकळत हलतात आणि दोऱ्याच्या टोकाला ते मोठं दिसतं. तू लबाड नाहीस, ताई. आपलाच हात आपल्याला कळत नाही एवढंच. घे आता गोळी."

तिने ओळंबा खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला. "मी बरी झालेली नाही, हे पटलं मला."

"मग?"

"पण मी बरी आहे असंच वाटतं. काय करू?"

"अगं, दोन्ही एकदम कसं?"

"ते मला कुठे कळतंय? आणि गोळी घेतली की ती शंकाच झाली ना रे?"

भिंत वाकडी असती तर त्याने पाडून पुन्हा बांधली असती.

आठवड्याने तिला दुकानात फिट आली. हात तापलेल्या इस्त्रीवर पडला, कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात शुद्धीवर येताच म्हणाली, "बघ, तू शंका घातलीस माझ्यात."

तो तिचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

आता रोज सकाळी तो वाटीत गोळी आणि शेजारी पाणी ठेवतो. "घेतलीस?" "घेतली." त्याचा विश्वास बसत नाही, आणि बसवल्याशिवाय कामावर जाववतही नाही.

बाबांनी पुढच्या चौकात नवं सभागृह घेतलंय.

देवाचं नाव घ्या, गा, गाताना रडू आलं तर रडा. देव औषधाच्या आड येत नाही. कुणी हातात दोरा दिला तर आधी तो खिळ्याला टांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा ताईच्या भाजलेल्या हाताची आठवण ठेवा. आणि त्या धाकट्याचीही, जो उद्या सकाळी पुन्हा विचारणार आहे, "घेतलीस?"